शिगेची पायली

बोरगव्हाण, मोर्शीजवळ
मार्गशीर्ष वद्य ३, शके १७८५

जयवंतेस मनकर्णेचा दंडवत. रीत आहे म्हणून लिहिला आहे, मनातून घातला असं समजून फुगून बसू नकोस.

आपला जुना गाडीवान नत्थुजी परवा कापूस पोचवून अकोल्याहून परत आला. गाडीतून त्याने मिठाचं पोतं उतरवलं, तुझं पत्र उतरवलं आणि लाल फडक्यात बांधलेली एक चांदीची पायली उतरवली. ती ओट्यावर ठेवून म्हणाला, "धाकल्या बाईनं तुमच्यासाठी घडवून घेतली म्हन्ते." म्हाताऱ्याला वाटलं, धाकट्या जावेनं थोरल्या जावेला मायेनं भेट पाठवली. मी पत्र वाचलं तेव्हा माया किती ते कळलं. "जाऊबाई, तुमचा सारा जन्म पायली धरण्यात गेला. घरात आलेल्या सुनेपेक्षा पायली तुम्हाला जवळची. तेव्हा तुमच्या हाताला शोभेल अशी करून पाठवते."

टोमणा पोचला. मला अक्षर येतं हे तू विसरली नसशील, कारण तुला ते मीच शिकवलं. माझ्या बापानं रिद्धपूरच्या मठात बसवून माझ्याकडून पोथी वाचून घेतली, आणि तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी ओसरीवर राख पसरून तुझं बोट धरून गिरवून घेतलं. या गावात आपल्या दोघींखेरीज एकाही बाईला लिहिता येत नव्हतं. त्या विद्येचा उपयोग तू मला टाकून बोलायला करतेस. असो. अक्षराला वळण चांगलं आलं आहे.

तुझी पायली मी आधी मापून पाहिली. घरच्या लाकडी पायलीतली ज्वारी तिच्यात ओतली, तर मूठभर बाहेरच राहिली. अकोल्याच्या सोनारानं तुला चांदीतही लुटलं आणि मापातही. भगवंतभाऊजी तर तिथे कापसाचे दलाल झाले आहेत, दिवसभर काटा बघतात म्हणे. घरी आलेलं भांडं बघायला त्यांना सवड झाली नाही वाटतं.

हात फिरवण्यावरून तू मला किती बोलली आहेस, ते मी मोजत नाही. ती रीत माझी नाही, सासूबाईंची आहे. मजुराला आणि दारच्या भिक्षूला द्यायची पायली शिगेची, वर ढीग चढेल तेवढी. घरच्या चुलीसाठी काढायची पायली सपाट. भरायची, काठावरून तळहात फिरवायचा, आणि शीग खाली पडेल ती परत कणगीत टाकायची. सासूबाईंनी जाताना किल्ल्या माझ्या कमरेला खोचल्या आणि म्हणाल्या, "मनकर्णे, हात फिरवाले विसरू नको." चौदा वर्षं विसरले नाही. त्या खाली पडलेल्या शिगेतून भाऊजींचं लग्न निघालं, तुझ्या गळ्यातली पुतळ्यांची माळ निघाली. माळ घालताना तुला माझा हात टोचला नाही.

आता पेवाचं. वाटणी झाली तेव्हा श्रावणझड लागली होती, आणि पावसात पेव उघडत नाहीत हे तुझ्या माहेरीही ठाऊक असेल. अंगणाखालच्या पेवात बारा खंडी ज्वारी, निम्मी थोरल्याची, निम्मी धाकट्याची, असं पंचांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद मी नाकारत नाही. पण तू लिहितेस, आता हिवाळा आहे, पेव उघडा आणि सहा खंडी गाडीवर घाला. पेव म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे, हवं तेव्हा झाकण काढून चमचा घालायला. एकदा तोंड फोडलं की तळापर्यंत उपसावं लागतं, नाहीतर हवा लागून किडे पडतात. उपसून ठेवू कुठे, तुझ्या चांदीच्या पायलीत?

आणखी ऐक. तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढतात, म्हणून इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या गावात लोकांनी बांधापर्यंत कापूस पेरला. ज्वारी कोणी लावली नाही. कापूस खाता येत नाही, हे लोकांना एक दिवस कळेल, आणि त्या दिवशी पेवाची किंमत कळेल. तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, म्हणतात, "देऊन टाक न तिले तिचं, रोजची कटकट मिटंल." ते भोळे आहेत. किल्ली माझ्याकडे आहे तोवर पेव उघडणार नाही.

मनकर्णा


वैशाख शुद्ध ११, शके १७८६

जयवंता,

चार पानं लिहिलीस. अकोल्यात कागद फार स्वस्त झाला असावा.

तुझ्या संसाराचं वर्णन वाचलं. स्वयंपाकाला बाई आहे, दाराशी फिरायला दमणी आहे, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आहेत. नत्थुजीनंही सांगितलं, आणि तो कधी काही वाढवून सांगत नाही. म्हणाला, "तिथं सकाळीच माळीन दारात येते अन् बाई भाव न करता टोपलं उतरवून घेते." सकाळी. जी भाजी दिवस कलल्यावर बाजारात निम्म्या पैशात मिळते, ती सकाळी. ती माळीण संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला तुझं नाव सांगून हसत असेल. दिव्याला तू तिळाचं तेल जाळतेस, करडईचं आणायला कमीपणा वाटतो. राहिलेली भाकर गाईला घालतेस. आपल्या घरी शिळ्या भाकरीचा कुस्करा कोण मागून खायचं, ते मी इथे लिहीत नाही, तुझ्या स्वयंपाकीण बाईच्या हाती पत्र पडायचं.

तू म्हणशील, पैसा आमचा, जाळू नाहीतर उधळू. जाळा. पण ज्या पैशासाठी घाम गाळला नाही, तो बसत नाही, उभाच असतो. भाऊजी शेतकऱ्याचा कापूस पिकायच्या आधीच विकत घेतात, आणि हाती यायच्या आधीच पुढे विकतात असं कळलं. म्हणजे जे नाही ते घ्यायचं आणि जे नाही ते द्यायचं. त्यात मिळालेला रुपया मात्र खरा असतो, हे मला अजून समजलेलं नाही. मी अडाणी आहे. महिन्याच्या खर्चातून चार आणे बाजूला टाकत जा, एवढं ऐक. मी सांगते म्हणून टाकणार नाहीस, ते ठाऊक आहे. माझा राग म्हणून टाक. मला खोटं पाडायला तरी टाक.

अकोल्यात रुपयाला ज्वारी किती मिळते ते तू लिहिलंस. आमच्याकडेही भाव चढला आहे. मी म्हटलं होतं.

तुझं शेवटचं पान मी दोनदा वाचलं. "पेव भरलेलं असताना तुम्ही माझ्या ताटातली भाकर मोजली. पोटुशी होते मी. बाळंतपणात अंगावर दूध आलं नाही. माझं लेकरू एकविसाव्या दिवशी गेलं ते तुमच्या या हातानं, जाऊबाई."

यावर मला काही लिहायचं नाही.

डिंक दिला होता. खारका अमरावतीहून आणवल्या होत्या, त्या वाटून दिल्या. मेथी दिली. तूप दिलं होतं. किती दिलं ते आता आठवत नाही. सुईण समोर होती, तिला विचार. घरात सगळ्यांना जे मिळत होतं ते तुला मिळत होतं. मी काही तुझ्या पुढ्यात बसून लाडू खाल्ले नाहीत. हा विषय पुन्हा काढू नकोस, काढलास तर पत्र न वाचता चुलीत जाईल.

जमुनेला दात आले का, ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या मर्जीची गोष्ट आहे. पोरीला काजळ कमी घाल, मागे नत्थुजी म्हणाला डोळे फार भरतेस.

पेव उघडणार नाही. पुढचं पीक हाती येऊ दे, मग बघू.

मनकर्णा


पौष शुद्ध ८, शके १७८६

जयवंता,

दंडवत लिहीत नाही.

नवऱ्याला पाठवलंस. तुझे भासरे गाड्या घेऊन अमरावतीला गेलेत, घरात पुरुष माणूस म्हणजे एकटा म्हातारा नत्थुजी, हे तुला कोणी कळवलं त्याचा मी शोध घेईन. भाऊजी चार माणसं आणि पहारी घेऊन आले. आले ते पाणीही न घेता थेट अंगणात, पेवाच्या तोंडाशी.

मी नत्थुजीला म्हटलं, जातं आण. त्यानं आणि शेजारच्या गड्यानं मिळून जातं आणून पेवाच्या तोंडावर ठेवलं आणि मी दळायला बसले.

भाऊजी म्हणाले, "वैनी, उठा. पंचाचा कागद हाय माह्याजवळ."

मी म्हटलं, "कागद मले वाचता येते. मी दळून राहिली, दिसत नाई का?"

"किती येळ दळसान?"

"तुमी अकोल्याले जाईपर्यंत."

त्यांच्याबरोबरची माणसं हसली. एकानं पहार टेकवून चिलीम काढली. पुरुषाला चारचौघांत हसलेलं सोसत नाही, आणि भाऊजींना तर लहानपणापासून सोसत नाही. मग ते बोलले. "लेकरू खाल्लं, आता पेव बी खाऊन घे." मला कधी तू म्हटलं नव्हतं त्यांनी. तोंड त्यांचं होतं, बोल तुझा होता, ओळखू आला.

मी जात्यात मूठ मूठ टाकत राहिले.

ते संध्याकाळी गेले. पुन्हा येतील म्हणून मी दुसरा दिवसही तिथेच बसून दळलं. घरात टोपली टोपली पीठ झालं आहे. ज्वारीचं पीठ आठ दिवसांनी कडू होतं, गावभर वाटलं तरी संपणार नाही. हे नुकसान तुमच्या दोघांच्या माथी. निम्म्या वाट्यातून वळतं करून घेईन.

आता खरं सांगते, ऐक. या घराशी तुझा संबंध पंचांनी तोडला तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. चूल मोकळी झाली असं वाटलं. तू ताटावर बसलीस की तुझे डोळे माझ्या हाताकडे असायचे. भाकर टाकायच्या आधी तुझं मोजून व्हायचं. ज्या बाईच्या डोळ्यांत आपण रोज चोर असतो, तिला रोज वाढायचं, हे तू कधी केलेलं नाहीस. आता तुझ्या घरी स्वयंपाकीण आहे. तिच्या हाताकडे एक दिवस तसं बघून बघ, ती दुसऱ्या दिवशी येते का.

यापुढे पत्र पाठवू नकोस.

मनकर्णा


ज्येष्ठ शुद्ध २, शके १७८७

जयवंतेस मनकर्णेचा दंडवत. या वेळी घातला आहे.

तुझी चिठ्ठी काल मिळाली. चार पानं लिहिणारी तू, आणि पाचच ओळी. अमेरिकेतली लढाई थांबल्याची तार मुंबईला आली आणि कापूस कवडीमोल झाला, ते इथेही कळलं. भाऊजी पैसे वसूल करायला मुंबईला गेले त्याला बावीस दिवस झाले. दमणी गेली, बैल गेले. स्वयंपाकीण गेली. "निम्मी ज्वारी हवी आहे. मी स्वतः गाडी करून येते. मृग लागायच्या आत पेव उघडा. मला सातवा महिना आहे."

तू आलीस आणि अंगणात उभी राहिलीस तर मला हे सांगता येणार नाही. तोंडावर सांगायला लागले की मी भांडते. म्हणून लिहिते.

पेवात ज्वारी नाही.

विकली नाही. कोणाला दिली नाही. तुला वाटतं तशी लपवलीही नाही. कुजली. तू आणि भाऊजी वेगळे झालात त्याच्या आदल्या साली उन्हाळ्यात आपण पेव भरलं, आठवतं? तुम्ही सगळे डोक्यावरून टोपल्या आणत होता. तळाला आणि भिंतींना लावायला गव्हाचं नवं काड लागतं. त्या साली आगगाडीच्या सडकेच्या कामावर बैल फार लागले होते, काडाचा भाव दुप्पट झाला होता. नवं काड सव्वा रुपयाचं होत होतं. आपल्या गोठ्यावर आदल्या वर्षीचं काड पडलं होतं, एका बाजूनं भिजून वाळलेलं. वरून चांगलं दिसत होतं. मी तेच लावलं. सव्वा रुपया वाचला म्हणून रात्री तुझ्या भासऱ्यांना कौतुकानं सांगितलं.

आश्विनात एक दिवस सकाळी सडा टाकताना पेवावरची जमीन पायाला कोमट लागली. मला तेव्हाच कळलं. तुम्ही सगळे रिद्धपूरला जाणार होता, मी अंगात कणकण आहे म्हणून मागे राहिले. नत्थुजीला घेऊन भर दुपारी तोंड उघडलं. दारूच्या भट्टीसारखा वास आला. दोरीला बांधून दिवा सोडला तो हातभर खाली जाताच विझला. काठीला लागून वर आलं ते काळं होतं, चिकट. नत्थुजी म्हणाला, "मायबाई, आतमंदी काईच राहिलं नाई. झाकून टाकू." मी त्याला त्याच्या मुलाची शपथ घातली. झाकलं, लिंपलं, तुम्ही परत यायच्या आत वर सडा टाकला.

भाऊजींची माणसं पौषात आत उतरली असती तर गुदमरली असती, वर आली नसती. मी त्यांच्या जिवासाठी जातं घेऊन बसले होते असं मला आज तुला सांगता येईल, आणि तू मानशीलही. ते खरं नाही. मी लाजेपायी बसले होते. जिवाचं मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

सांगितलं का नाही, हे तू विचारशील. सासूबाईंनी किल्ली मला दिली होती. गाव म्हणायचं, घर चालवावं तर मनकर्णेनं. सव्वा रुपयासाठी बारा खंडी घालवली, हे त्या गावात कोणत्या तोंडानं सांगू? मला वाटलं, कोणाला कळायच्या आत पुन्हा भरून काढीन. बारा खंडी. शिगेनं.

त्या हिवाळ्यात घरी सगळ्यांना वाटत होतं की अंगणाखाली पेव भरलेलं आहे आणि ही बाई उगाच हात आखडते. खाली काही नव्हतं. कणगीत होतं तेवढ्यावर नऊ माणसं पुढच्या सुगीपर्यंत न्यायची होती. म्हणून मी मोजलं. नीट फिरवलेला तळहात पायलीच्या काठावरून जातो. मी बोटं आत वाकवून फिरवत होते. तू एकदा पाहिलंस. कणगीच्या खोलीच्या दारात उभी होतीस. तेव्हाही तुला सातवाच महिना होता.

तूप किती दिलं ते मला आठवतं. पहिले पाच दिवस एक पळी, मग अर्धी, बाराव्या दिवसानंतर नाही. उरलेलं मोर्शीच्या बाजारात विकून ज्वारी घेतली. लेकरू त्यानं गेलं का, मला ठाऊक नाही. सुईण म्हणाली होती, अशक्तच जन्मलं. तुला ठाऊक आहे असं तू लिहितेस. मला तुला खोटं पाडता येत नाही, एवढंच मी म्हणते. एकविसाव्या दिवशी तू रडत होतीस आणि मी आत जाऊन पायली काढत होते, कारण माणसं जमली होती आणि त्यांना पिठलं-भाकर करायची होती. ती पायलीही मी सपाटच काढली. हे मला रोज आठवतं. तू दोष दिलास तेव्हा मी तुला उलट लिहिलं, त्याआधी कितीदा मी तोच स्वतःला दिला होता, ते असू दे.

माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. तू माफ करणार नाहीस आणि करूही नयेस. मला अजून तुझा राग येतो. शेंब्यांचा येतो, माळिणीचा येतो, नवऱ्याकडून वदवून घेतलंस त्याचा तर मरेपर्यंत येईल. दोन गोष्टी एकदम खऱ्या असतात, त्याला मी काय करू?

काल तुझी चिठ्ठी वाचून झाल्यावर तुझ्या भासऱ्यांना सांगितलं. ते पेवाच्या तोंडाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "चार वर्सं तू एकटीच हे घेऊन बसली? मले काहून नाई सांगितलं?"

मी म्हटलं, "तुमी सांगून दिलं असतं."

"कोनाले?"

"जयवंतेले."

ते म्हणाले, "हो. तिलेच त सांगाले पाह्यजे होतं." आणि उठून वावराकडे गेले. दुपारी जेवले नाहीत. त्यांच्या ताटातली भाकर मीही खाल्ली नाही, ती टोपल्यात तशीच आहे.

आता कामाचं. तुझ्या वाट्याच्या सहा खंडी आहेत. पेवात नाहीत, कापसाच्या खोलीत आहेत. ही चार वर्षं त्या खोलीत लोक फक्त कापूस बघायला यायचे, त्यामागे चार कणग्या उभ्या आहेत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. रोजची शीग त्यांच्यात गेली. ताकावरचं लोणी विकून घेतलेली गेली. नाल्याकाठच्या वावरात सगळ्यांची बोलणी खाऊन मी ज्वारीच पेरायला लावली, ती गेली. तुझे भासरे तेव्हा म्हणायचे, बाई येडी झाली. आज सकाळी मोजली. सहा खंडीला तीन मण कमी भरते. ते तीन मण दिवाळीला पुरे करीन. आमच्या वाट्याच्या सहा गेल्या त्या गेल्या, त्या माझ्या काडापायी.

हे वाचून यायचं नसेल तर येऊ नकोस. नत्थुजीला रिकाम्या गाडीनं परत पाठव, मी दुसऱ्या दिवशी ज्वारी भरून अकोल्याला रवाना करीन. यायचं असेल तर त्याच गाडीत ये. भाड्याची करू नकोस, ते लोक गाडी हाकत नाहीत, उडवतात. खाली कडबा अंथरला आहे, वर कापसाची गादी घातली आहे. कापूस आता कोणी विचारत नाही, पाठीखाली तरी येऊ दे. जमुनेसाठी फडक्यात गूळ आणि फुटाणे आहेत, रस्त्यात एकदम देऊ नकोस.

बाळंतपण इथे करायचं की माहेरी, ते तू ठरव. इथे केलंस तर चूल तू म्हणशील तिच्या हाती देईन. तुझ्या ताटाजवळ मी येणार नाही. चांदीची पायली नत्थुजीबरोबर परत पाठवली आहे. ती मापाला कमी आहे, पण चांदी खरी निघाली, मी सोनाराला दाखवली. अमरावतीत गाडी थांबवून मोड आणि आलेल्या पैशाचं तूप घे. म्हशीचं घेऊ नकोस, गाईचं घे. भाव करायला नत्थुजीला पुढे घाल.

ज्वारी मोजायला घरची लाकडी पायली घासून कापसाच्या खोलीच्या दारात ठेवली आहे. किल्लीही तिच्यातच आहे. मोजायला मी उभी राहणार नाही असं आधी मनात होतं, पण उभी राहीन, तुला माणूस समोर हवं. पायली तू धर. तुझ्या वाट्याची आहे, शीग लावून भर. मी हात फिरवणार नाही.

मनकर्णा